अर्धी थायरॉईड काढली, मग गोळी लागणार का?

पेपर वाचताना सुरुवातीला मी एक चूक हमखास करायचो. टक्केवारी दिसली की वहीत उतरवायची आणि पुढं जायचं. एकदा वहीतले "22 टक्के" बघून गाईडनी विचारलं, "बावीस टक्के कशाचे?" मला सांगता येईना. आज तेच उदाहरण घेऊ.

थायरॉईड ही गळ्यातली दोन खंडांची ग्रंथी. कॅन्सरची गाठ लहान, एकाच खंडात आणि कमी जोखमीची असेल, तर बऱ्याचदा तेवढाच खंड काढतात. पूर्ण ग्रंथी काढली तर थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावीच लागते. अर्धी उरली तर पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते आणि उरलेल्या खंडाकडून जास्त काम करून घेते. काहींचं त्यावर भागतं, काहींचं नाही. म्हणून पेशंट आधीच विचारतो, "डॉक्टर, मला गोळी लागणार का?"

2012 च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये 32 अभ्यास एकत्र केले होते. त्यात हायपोथायरॉईडिझमचं प्रमाण साधारण 22 टक्के आलं. ज्या अभ्यासांनी प्रकार वेगळे मोजले, त्यांत सौम्य प्रकार (टीएसएच वाढलेलं, टी-4 नॉर्मल) सुमारे 12 टक्के आणि ठळक आजार सुमारे 4 टक्के. बेरीज 22 होत नाही, कारण प्रत्येक आकड्यामागचे अभ्यास तेच नाहीत. आणि या सगळ्या शस्त्रक्रिया कॅन्सरसाठीही नव्हत्या.

आता असा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा.

पहिला: व्याख्या काय? समजा 100 पेशंट आहेत. 20 जणांचं टीएसएच 4.5 च्या वर, 40 जणांचं 2 ते 4.5, उरलेल्यांचं 2 च्या खाली. नेहमीची मर्यादा लावली तर हायपोथायरॉईडिझम 20 टक्के. पण अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा कमी जोखमीच्या कॅन्सर पेशंटसाठी टीएसएचचं लक्ष्य 0.5 ते 2 होतं. ते धरलं तर गोळीचा विचार 60 जणांसाठी करावा लागेल. माणसं तीच, आकडा तिप्पट!

दुसरा: छेदात कोण आहे? आधीपासून गोळी घेणारे वगळले का? पॅथॉलॉजी रिपोर्टनंतर काहींचा दुसरा खंडही काढावा लागतो. त्यांना गोळी नक्कीच लागते. ते गणतीतून गळले, तर जोखीम आहे त्यापेक्षा कमी दिसते.

तिसरा: किती दिवस बघितलं? टी-4 चं अर्धायुष्य साधारण आठवडाभराचं, त्यामुळे टीएसएच स्थिरावायला काही आठवडे जातात. फार लवकर तपासलं तर चित्र अर्धवटच. शिवाय थकवा आलेलेच तपासायला आले असतील, तर प्रमाण फुगतं.

मग पेशंटला सांगायचं काय? सरासरीपेक्षा त्याची स्वतःची स्थिती बघायची. शस्त्रक्रियेआधीच टीएसएच नॉर्मलच्या वरच्या बाजूला असेल किंवा अँटी-टीपीओ अँटिबॉडीज पॉझिटिव्ह असतील, तर शक्यता बरीच वाढते. "अर्धी ठेवतोय, गोळी लागणार नाही" हे आश्वासन कुणालाच देऊ नये. त्या भरवशावर माणूस शस्त्रक्रिया निवडत असतो.

तुमच्या वहीतली एखादी टक्केवारी आज काढा आणि स्वतःलाच विचारा: कशाचे टक्के?