रानपिंगळ्याची ओळख

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारच्या सागवनांत आढळणाऱ्या रानपिंगळ्याचा, म्हणजे सातपुड्यातील एका दुर्मीळ छोट्या घुबडाचा, शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ मध्ये मिळाला होता आणि पुढे थेट १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. वस्तीजवळच्या साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत सहज होते. मात्र साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ ठिपकेरहित, छातीचा मधला भाग सलग तपकिरी, शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. तो दिवसाही शिकार करतो, परंतु साधा पिंगळाही उन्हात बसलेला आढळत असल्याने तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. निरीक्षकांनी आधी माथा नीट पाहावा आणि स्पष्ट छायाचित्राशिवाय नोंद करू नये.