पेटीत मावणारे यंत्र

वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा आहे. येथील काळ्या कसदार जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पिकत आली असून हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. जेथे कापूस तेथे सूत, आणि जेथे सूत तेथे चरखा, हे ओघानेच आले. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. तेच गाव आज सेवाग्राम या नावाने ओळखले जाते. ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालत असे. तेथेच १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडण्यात आले. ग्रामीण कारागिरांची साधने आणि निरनिराळ्या तऱ्हेचे चरखे तेथे पाहावयास मिळतात.

चरख्याच्या अनेक प्रकारांत पेटीचरखा हा मोठा कौतुकाचा प्रकार होय. मिटलेला असताना तो लाकडाच्या लहानशा पेटीसारखा दिसतो. काखोटीस मारून तो कोठेही नेता येतो. पेटी उघडली म्हणजे आत एक मोठे व एक लहान अशी दोन चाके आडवी बसविलेली दिसतात. मोठ्या चाकाची मूठ हाताने फिरवावयाची. त्या चाकावरील माळ लहान चाकाला फिरविते आणि लहान चाकावरील दुसरी माळ चातीला फिरविते. मोठे चाक एकदा फिरते न फिरते तोच लहान चाक कितीतरी वेळा फिरते, आणि चातीचा वेग त्याहूनही पुष्कळ वाढतो. जुन्या चरख्याला जो वेग आणण्यासाठी भले मोठे चाक लागे, तोच वेग येथे दोन लहान चाकांनी साधला आहे. १९३० च्या सुमारास गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना हा चरखा आकारास आला. म्हणून त्यास येरवडा चक्र असेही म्हणत.

चांगले यंत्र कोणते, या प्रश्नाचा विचार त्या काळी फार बारकाईने झाला होता. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती. पारितोषिकाच्या अटीही तशाच कठीण होत्या. यंत्र वजनाने हलके व सहज हलविता येण्याजोगे असावे. खेड्यातील साध्या घरात ते हाताने किंवा पायाने चालविता यावे. एखाद्या स्त्रीने आठ तास काम केले तरी तिला फार श्रम पडू नयेत. तेवढ्या वेळात त्यावर १६,००० फूट सूत निघावे. त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते किमान २० वर्षे टिकावे आणि त्याच्या डागडुजीस दरसाल किमतीच्या शेकडा ५ हून अधिक खर्च येऊ नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही या पारितोषिकासाठी एक चरखा तयार केला होता. परंतु सर्व अटी पुऱ्या करील असे एकही यंत्र परीक्षकांना आढळले नाही, आणि पारितोषिक कोणासही मिळाले नाही.

पारितोषिक राहिले; तथापि त्या अटी मात्र आजही उपयोगाच्या आहेत. हलकेपणा, सोय, काम, किंमत, टिकाऊपणा आणि दुरुस्ती या सहा कसोट्या केवळ चरख्याच्या नव्हेत. त्या कोणत्याही साधनास लावता येतात. आज पेटीत मावणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राने साऱ्या जगाला मोहित केले आहे. ते यंत्र म्हणजे लॅपटॉप. मांडीवर घेऊन काम करता येईल असा संगणक, एवढाच या नावाचा अर्थ. साध्या लॅपटॉपपासून अत्यंत उंची लॅपटॉपपर्यंत त्याच्या अनेक जाती आहेत. उंची लॅपटॉप पाहताच मन त्याकडे ओढ घेते. ही ओढ कशामुळे वाटते, आणि त्या जुन्या कसोट्यांवर हे यंत्र कितपत उतरते, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे.

या यंत्राची कल्पना प्रथम मुलांसाठीच मांडली गेली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेतील ॲलन के या शास्त्रज्ञाने १९७२ साली एक लेख लिहिला. सर्व वयांच्या मुलांना वापरता येईल असा, वहीएवढा आणि चार पौंडांहून कमी वजनाचा संगणक त्याने त्यात कल्पिला होता. त्या वेळी संगणक म्हणजे मोठमोठ्या कपाटांएवढी यंत्रे असत. त्यामुळे ही कल्पना लगेच प्रत्यक्षात येणे शक्यच नव्हते. १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा संगणक विक्रीस आला. तो उचलून नेता येई हे खरे. परंतु त्याचे वजन सुमारे ११ किलो होते! पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ग्रिड कंपास हा संगणक निघाला. त्याचा पडदा पुस्तकाच्या पुठ्ठ्याप्रमाणे कळफलकावर मिटत असे. शिंपला जसा उघडतो व मिटतो, तशी ही रचना होती. आजचे बहुतेक सर्व लॅपटॉप याच रीतीने उघडतात. ग्रिड कंपासची किंमत मात्र ८,००० डॉलरांहून अधिक होती. २००८ साली ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी भरसभेत एका कागदी पाकिटातून मॅकबुक एअर हा लॅपटॉप बाहेर काढला, तेव्हा सभेत एकच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याचे वजन अवघे १.३६ किलो होते. ॲलन के याने कल्पिलेला चार पौंडांहून हलका संगणक आता लोकांच्या हाती आला होता.

वजन इतके कमी झाले, त्याची कारणे दोन. पहिले कारण म्हणजे बाहेरचे कवच. उंची लॅपटॉपचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. हे धातू हलके असूनही मजबूत असतात. काही लॅपटॉपांत ॲल्युमिनियमचा एक अखंड ठोकळा घेऊन यंत्राने तो आतून कोरून काढतात. वेरूळचे कैलास लेणे ज्याप्रमाणे अखंड खडकातून कोरलेले आहे, त्याप्रमाणेच हे कवचही कोरीव असते. म्हणून ते पातळ असूनही सहसा वाकत नाही. दुसरे कारण म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. ही बॅटरी लहान असूनही तिच्यात पुष्कळ वीज साठविता येते. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली आणि तिच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या घरी वीज वारंवार जाते, तेथे या बॅटरीचे मोल विशेष कळते.

सोयीच्या कसोटीवरही हे यंत्र चांगले उतरते. १९९१ साली पॉवरबुक या लॅपटॉपात कळफलक थोडा मागे सरकवून पुढे तळहात टेकण्यास जागा ठेवण्यात आली. बदल लहानसा होता. परंतु तासन्‌तास टंकलेखन करणाऱ्याच्या हातांना त्यामुळे आराम मिळाला. लवकरच तीच रचना सर्वत्र रूढ झाली. पडद्याची गोष्ट तर याहूनही नवलाची आहे. पडद्यावरील चित्र हे असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. एका चांगल्या पडद्यावर आडव्या ओळीत २,५६० आणि उभ्या ओळीत १,६०० ठिपके असतात. म्हणजे एकूण ४० लाख ९६ हजार ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग असून त्यांच्या कमीअधिक प्रकाशातून सर्व रंगछटा उमटतात. ठिपके इतके बारीक असतात की, डोळ्यांना ते वेगवेगळे दिसतच नाहीत. त्यामुळे मराठी अक्षरांचे काने, मात्रा व वेलांट्या छापील पुस्तकातल्यासारख्या रेखीव दिसतात. मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक आहे. त्यात बहुतेक स्वर डाव्या हाताखाली व व्यंजने उजव्या हाताखाली येतात. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

आता कामाची कसोटी. लॅपटॉपचे खरे काम ज्या भागात चालते, तो भाग जेमतेम नखाएवढा असतो. त्यास प्रोसेसर म्हणतात. २०२० साली निघालेल्या एम-१ या प्रोसेसरमध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म खटका. तो चालू व बंद होतो आणि अशा असंख्य खटक्यांच्या जुळणीतून सारे हिशेब होतात. हा प्रोसेसर सेकंदाला ३२० कोटी ठोक्यांच्या तालावर काम करू शकतो. त्याची आणखी एक युक्ती शेतकऱ्याच्या मुलांना सहज समजेल. खोल नांगरणीला अधिक बैल जुंपावे लागतात, डवरणीला एक जोडी पुरते. त्याप्रमाणे या प्रोसेसरात अवघड कामांसाठी चार जोरकस विभाग आणि हलक्या कामांसाठी थोडक्या विजेवर चालणारे चार विभाग आहेत. जेवढे काम तेवढेच बळ, असा हिशेब असल्यामुळे वीज वाचते, यंत्र फारसे तापत नाही, आणि काही लॅपटॉपांत तर आतल्या पंख्याचीही गरज उरत नाही. असे यंत्र अगदी निःशब्दपणे चालते.

येथवर उंची लॅपटॉप सर्व कसोट्यांत पुढे आहे. परंतु किंमतीचा प्रश्न आला की त्याची बाजू दुबळी होते. अशा लॅपटॉपास लाख रुपये किंवा त्याहूनही अधिक पडतात. ही सारी किंमत वाया जाते असे मात्र नाही. धुळीचा कणही चालणार नाही अशा स्वच्छ दालनांत प्रोसेसर बनवावे लागतात, कवच नाजूकपणे कोरावे लागते, पडदे पारखून घ्यावे लागतात. या सर्वांस पैसा लागतो. परंतु किंमतीतला काही भाग नावाच्या प्रतिष्ठेचा आणि झळाळीचाही असतो. जो चित्रपटाचे संकलन करतो, इमारतींचे आराखडे काढतो किंवा मोठमोठे हिशेब करतो, त्याला अशा यंत्राचा वेग उपयोगी पडतो. ज्याला निबंध लिहावयाचा आहे, पत्रे पाठवावयाची आहेत किंवा धडे पाहावयाचे आहेत, त्याचे काम साध्या लॅपटॉपवरही होते. महागड्या लेखणीने लिहिलेला निबंध आपोआप चांगला होत नाही.

टिकाऊपणा व दुरुस्ती या अखेरच्या कसोट्या सर्वांत कठीण होत. बॅटरी कितीही चांगली असली तरी ती झिजते. सुमारे १,००० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की, पहिल्या साठवणशक्तीच्या सुमारे शेकडा ८० एवढीच शक्ती उरेल, अशा बेताने कित्येक उंची लॅपटॉपांच्या बॅटऱ्या केलेल्या असतात. मग ती बदलावी लागते. परंतु यंत्र अधिकाधिक पातळ करण्याच्या भरात काही कारखानदारांनी बॅटरी डिंकाने चिकटविली आणि स्मृतीचे भाग मुख्य फळीवर कायमचे जोडून टाकले. त्यामुळे एक भाग बिघडला तरी सारी फळी बदलण्याची पाळी येते. पेटीचरख्याची माळ तुटली तर सूत कातणारा स्वतःच्या हाताने दुसरी माळ चढवितो. लाखाच्या यंत्राचा मालक मात्र अशा वेळी हतबल होतो. शिवाय टाकून दिलेल्या यंत्रातील काही द्रव्ये माती व पाणी यांस अपायकारक असतात. म्हणून जुने यंत्र घरच्या केरात टाकू नये. अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ते द्यावे. त्यासाठी भारत सरकारने केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

समाधानाची गोष्ट अशी की, या उणिवेकडे आता जगाचे लक्ष गेले आहे. २०२१ साली अमेरिकेत फ्रेमवर्क नावाचा लॅपटॉप निघाला. साधा पेचकस हाती घेऊन त्याची बॅटरी, पडदा, कळफलक इत्यादी भाग वापरणाऱ्यालाच बदलता येतात. आपल्या देशातही ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क असावा, या हेतूने सरकारने २०२२ च्या डिसेंबरात एक माहितीस्थळ सुरू केले. यंत्र विकणाऱ्याने ते दुरुस्त करण्याची माहिती व सुटे भागही उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी आता देशोदेशी होत आहे. १९२९ सालच्या अटींत डागडुजीच्या खर्चाला जे स्थान दिले होते, त्याचे महत्त्व जगाला पुन्हा पटू लागले आहे.

सुंदर यंत्राचे आकर्षण वाटणे यात गैर काहीच नाही. कुशल कारागिराच्या हातून उतरलेली वस्तू, मग ती लाकडी पेटीतला चरखा असो वा धातूच्या कवचातला लॅपटॉप, मनाला आनंद देतेच. परंतु आनंदाच्या भरात पारख विसरता कामा नये. हे यंत्र मला कोणत्या कामासाठी हवे आहे? ते वापरताना शरीराला त्रास तर होणार नाही ना? त्याची किंमत मला झेपेल काय? ते किती वर्षे चालेल? बिघडल्यास त्याची दुरुस्ती कोण करील, आणि निकामी झाल्यावर त्याचे काय होईल? सायकल घ्यावयाची असो, शेतातला पंप घ्यावयाचा असो की लॅपटॉप, हे प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. फक्त विचार लागतो. जो हे प्रश्न विचारून साधन निवडतो, तोच साधनाचा खरा धनी होय. जो केवळ झळाळी पाहून निवडतो, त्याच्यावर मात्र साधनाचीच धनीपणा गाजविण्याची पाळी येते.