गुत्त्यापासून परवान्यापर्यंत : जालना परिसरातील दारूबंदीचा मागोवा

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात, आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जेथे आबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर आणि त्याची वसुली, ही सरकारी तिजोरीची मोठी बाजू होती. दारू व शिंदी (शिंदीच्या झाडाचा आंबवलेला रस) विकण्याचा मक्ता लिलावाने दिला जाई. त्याला गुत्ता म्हणत, आणि मराठवाड्यात आजही कोणत्याही कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’च म्हणतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली, त्यामागे व्यसनविरोधाइतकाच निजामाचे उत्पन्न तोडण्याचा हिशेब होता. शत्रूचा खजिना आटवणे सोपे. स्वतःचा आटवण्याची वेळ पुढे आली.

राज्यघटनेने अनुच्छेद 47 मध्ये दारूबंदीला राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व केले, परंतु मद्य हा विषय आणि त्यावरील कर दोन्ही राज्यांच्या सूचीत ठेवले. त्यामुळे 1956 मध्ये लोकसभेने दारूबंदी नियोजनाचा भाग मानली, तरी देशव्यापी कायदा झाला नाही. महसूल गमावायचा राज्यांनी आणि श्रेय घ्यायचे केंद्राने, अशी ही रचना होती. तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या आग्रहाने 1950 मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. जालना तेव्हा त्या राज्यात नव्हते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जालन्यासह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1959 च्या विस्तार कायद्याने मुंबईचा दारूबंदी अधिनियम येथे लागू झाला. थोडक्यात, बंदी येथे चळवळीतून उगवली नाही, ती राज्यपुनर्रचनेच्या मागून आली.

अंमलबजावणीची अडचण साधी होती. हातभट्टीला गूळ, मोहफुले, नवसागर आणि पाणी पुरते, आणि या वस्तू बाजारातून वा रानातून मिळत. पोलिसांच्या भाषेतले ‘रसायन’, म्हणजे आंबवलेले मिश्रण, ओतून दिले तरी दुसरे पिंप लावायला फार भांडवल लागत नसे. श्रीमंताला वैद्यकीय कारणाचा परवाना मिळे, गरिबाच्या वाट्याला अटक येई. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत परवान्यांची अट सैल झाली आणि 1973 च्या नियमांनी देशी दारूला अधिकृत दुकान मिळाले. 1977 मध्ये पंतप्रधान झाल्यावर देसाईंनी देशभर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा संकल्प पुन्हा मांडला, पण सरकारच 1979 मध्ये कोसळले.

मुंबईहून आलेल्या त्या अधिनियमाच्या नावात दारूबंदी अजून आहे आणि त्याच्याच आधारे दुकानांचे परवाने दिले जातात. 2008 च्या शासन आदेशाने गावाला मतदानाने दुकान बंद करण्याची, म्हणजे बाटली आडवी करण्याची, वाट दिली. मात्र त्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, त्यामुळे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची गैरहजेरीही दुकानाच्याच बाजूने मोजली जाते.