थांबलेल्या सायकलचा दिवा

सायकलचा डायनॅमो मोठा मजेशीर. चाक फिरतंय तोवर फुकट वीज, चाक थांबलं की अंधार! आता सांगा, आपण थांबतो कुठे? चौकात, वळणावर, रस्ता ओलांडताना. म्हणजे मागून येणाऱ्याला आपण दिसणं जिथे सर्वांत गरजेचं, नेमका तिथेच दिवा गुल. रिफ्लेक्टर आहे म्हणाल, तर त्याच्यावर गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो. सेलवरचा दिवाही चालेल. पण सेल संपतो तो रात्रीच, आणि नवा आणायचा राहून जातो.

यावरचा उपाय आपल्या लॅबमधलाच आहे. मी माझ्या सायकलला बसवलाय, म्हणून सांगतो.

डायनॅमो साधारण ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो, पण देतो एसी. म्हणून आधी चार शॉटकी डायोडचा ब्रिज आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. उतारावर वेग वाढला की व्होल्टेजही चढतं, त्यासाठी ५ व्होल्टचा लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर. पुढे एक डायोड, म्हणजे करंट उलटा फिरणार नाही. आणि मग खरा हीरो: १ फॅरड, ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर. आकार नाण्याएवढा! त्याच्यावर २७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी.

आता गणित. कपॅसिटरवर ४.७ व्होल्ट, एलईडीवर २, उरले २.७; म्हणजे करंट १० मिलिअँपिअर. आरसी झाला २७० सेकंद. थांबल्यावर साडेचार मिनिटांनीही ३७ टक्के करंट शिल्लक! कुठला सिग्नल एवढा वेळ थांबवतो?

एक मात्र जपा. डायनॅमोची एक तार म्हणजे सायकलची फ्रेमच असते. ब्रिजपुढची निगेटिव्ह फ्रेमला लागली, तर एक डायोड शॉर्ट झालाच समजा.

याहून भारी साधनंही निघाली आहेत. २०१५ मध्ये गार्मिन कंपनीने सायकलच्या सीटखाली लावायचं रडार आणलं. मागची गाडी ते सुमारे १४० मीटरवरून ओळखतं. पण त्यातही लाल दिवा आहेच. कारण रडारमुळे गाडी आपल्याला कळते. आपण गाडीवाल्याला कळायला दिवाच लागतो.

खर्च म्हणाल तर हॉटेलातल्या एका जेवणाइतका. तेव्हा या रविवारी सोल्डरिंग गन तापवाच. अडलात तर हाक मारा, मी हॉस्टेलवरच आहे!