पंधरा सेंटिमीटरची दरी

विज्ञानकथा असो की अद्भुतिका, माझी कसोटी एकच आहे: लेखकाने आपल्या जगाला जो नियम घातला, तो तिथल्या पात्रांच्या भीतीपर्यंत पोचला का? टॉल्किनने चंद्राच्या कला आपल्या नायकांच्या प्रवासाच्या तारखांशी जुळवत नेल्या, तीही याच जातीची निष्ठा. पण या कसोटीवर मला सर्वांत थोर वाटते ती हॅल क्लेमेंटची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’. 1953 साली ती ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्रमशः आली. क्लेमेंट शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि कादंबरीभर ते जाणवतं.

त्याने रचलेला मेस्क्लिन हा ग्रह सुमारे 18 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. आपला दिवस 24 तासांचा, तिथला चहा उकळेपर्यंत संपणारा! या गरगर फिरण्याने तो पेढ्यासारखा चपटा झालाय. विषुववृत्तावर फिरण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाचा बराचसा भाग खाऊन टाकतो, म्हणून तिथे पृथ्वीच्या तिप्पटच वजन भरतं. ध्रुवावर मात्र फिरण्याचा काहीच आधार नाही, शिवाय पृष्ठभाग केंद्राच्या खूप जवळ. तिथे वजन जवळजवळ 700 पट. इथला 60 किलोचा माणूस तिथे 42 टनांचा!

समुद्र द्रवरूप मिथेनचे, हवा हायड्रोजनची. आणि त्या समुद्रावर एकमेकांना बांधलेल्या छोट्या तराफ्यांचं ‘ब्री’ हे जहाज हाकणारा कप्तान बार्लेनन, गोमेसारखा, हातभरही लांब नसलेला. ध्रुवाजवळ माणसांचं एक यान अडकलंय आणि त्यातली माहिती आणायला तोच निघालाय, कारण माणूस तिथे जिवंत पोचूच शकत नाही.

या बार्लेननच्या मनात काय आहे ते पाहा. ध्रुवावर 15 सेंटिमीटर पडणं म्हणजे पृथ्वीवर 105 मीटरवरून, पस्तिसाव्या मजल्यावरून पडणं. म्हणून त्याच्या लोकांना उंचीची दहशत. डोक्यावर छप्पर नको, कशाच्या खाली उभं राहणं नको. वस्तू फेकणं त्यांना सुचतच नाही, कारण फेकलेलं दिसायच्या आत जमिनीवर आदळलेलं असतं. विषुववृत्तावर एक माणूस त्याला सहज उचलून रणगाड्यासारख्या गाडीच्या टपावर ठेवतो, तेव्हा हा शूर दर्यावर्दी भीतीने थिजून जातो. एका आकड्यातून एवढं मन उभं राहतं! आणि अखेरीस हाच कप्तान माणसांशी सौदा करतो तो सोन्याचांदीचा नव्हे. त्याला विज्ञान शिकायचं असतं, पहिल्या धड्यापासून.

क्लेमेंट अशा लेखनाला लेखक-वाचकांमधला खेळ मानायचा: लेखकाने चुका टाळायच्या, वाचकाने शोधायच्या. वाचकांनी तो मनापासून खेळला. एमआयटीतल्या चाहत्यांनी संगणकावर ग्रहाचा आकार मांडला, तर विषुववृत्तावर चक्क धार निघाली. ध्रुवावरचं गुरुत्वाकर्षणही 700 पट नव्हे, 300 पटींच्या आतच असायला हवं होतं. समजा 250 पट धरलं, तरी 15 सेंटिमीटर पडणं इथल्या साडेसदतीस मीटरांच्या बरोबरीचं, म्हणजे बाराव्या मजल्यावरून पडण्यासारखं. आकडा चुकला, पण बार्लेननची भीती चुकली नाही.