यंदा विक्री खरोखर वाढली का?

दिवाळीनंतर हिशेब मांडताना मागील महिन्यापेक्षा गल्ला वाढला, एवढ्यावर अनेक दुकानदार समाधान मानतात. परंतु सणाच्या महिन्यात विक्री वाढणार, हे गृहीतच असते. धंद्याची खरी प्रगती जोखायची, तर यंदाचा महिना गतवर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहायला हवा. 'एक्सेल'मधील 'पिव्हट टेबल'च्या साह्याने ही तुलना एकही सूत्र न लिहिता करता येते.

त्यासाठी प्रत्येक विक्रीची तारीख व रक्कम स्वतंत्र रकान्यांत नोंदलेली असावी. 'इन्सर्ट'मधून पिव्हट टेबल घेतल्यावर तारीख ओळींच्या चौकटीत आणि रक्कम 'व्हॅल्यूज'च्या चौकटीत ओढावी. कोणत्याही तारखेवर राइट-क्लिक करून 'ग्रुप'मध्ये महिने व वर्षे निवडावीत आणि वर्षे रकान्यांच्या चौकटीत न्यावीत. एखादी तारीख कोरी किंवा मजकुराच्या स्वरूपात असल्यास असे गट पडत नाहीत. ती आधी दुरुस्त करावी.

आता रक्कम पुन्हा एकदा 'व्हॅल्यूज'मध्ये ओढावी. या दुसऱ्या आकड्यावर राइट-क्लिक करून 'शो व्हॅल्यूज ॲज'मधील '% डिफरन्स फ्रॉम' निवडावे. 'बेस फील्ड' म्हणून वर्ष व 'बेस आयटम' म्हणून 'प्रीव्हियस' द्यावे. गतवर्षी दोन लाखांची आणि यंदा दोन लाख तीस हजारांची विक्री असेल, तर तेथे १५ टक्के वाढ दिसेल. पहिल्या वर्षाच्या तुलनेस आधीचा आकडाच नसल्याने तो रकाना कोरा राहतो.

तथापि, टक्केवारी वाचताना पंचांगाकडेही लक्ष हवे. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ते १२ नोव्हेंबरला गेले. त्यामुळे सणाच्या खरेदीवर चालणाऱ्या दुकानाचा ऑक्टोबर त्या वर्षी घसरलेला आणि नोव्हेंबर भरभराटीचा दिसू शकतो. प्रत्यक्षात केवळ सण पुढे सरकलेला असतो. अशा वेळी 'ग्रुप'मध्ये महिन्यांऐवजी 'क्वार्टर्स' निवडल्यास ऑक्टोबर ते डिसेंबर एकत्र येतात आणि तुलना न्याय्य ठरते.

चालू वर्ष अपुरे असताना त्याची एकूण बेरीज मागील पूर्ण वर्षाशी ताडू नये. तसेच ही वर्षे जानेवारीपासून मोजली जातात, एप्रिलपासून नव्हे. पुढील हंगामाचा माल भरण्यापूर्वी हे दोन्ही तपासून घेतलेले बरे. चुकीच्या टक्केवारीवर भरलेला माल गोदामातच पडून राहतो.