हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’मधील भाव आणि तंत्र

प्रास्ताविक

व्यक्तिचित्राच्या अभ्यासात भाव आणि तंत्र यांचा स्वतंत्र विचार करण्याची पद्धत आपल्या अध्यापनात रूढ आहे. ही विभागणी कितपत ग्राह्य आहे, हे सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या एका स्त्रीचित्राच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

चित्र आणि त्याविषयीचा गैरसमज

‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. अंधारात उभ्या असलेल्या स्त्रीच्या एका हातात दिवा असून दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती. याच दालनात राजा रविवर्मा यांचीही चित्रे आहेत आणि अनेक जण हे चित्रही त्यांचेच समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. त्यांची ख्याती तैलरंगांतील कामाची. हे चित्र मात्र जलरंगातील आहे. म्हणून ही चूक केवळ नावापुरती राहत नाही. माध्यमच नजरेआड होते.

तंत्रातून भाव

अपारदर्शक तैलरंगात उजळ जागा अखेरीस पांढऱ्या रंगाने चढविता येते. पारदर्शक जलरंगात कागदाचा शुभ्रपणा हाच उजेड असतो. तो आरंभीच राखावा लागतो. एकदा झाकला गेला की पूर्ववत मिळणे कठीण. गडद छाया मात्र थरावर थर देऊन वाढविता येते. सारांश, येथे चित्रकार उजेड रंगवीत नाही, त्याभोवतीचा अंधार रंगवितो.

बोटांच्या कडांवरील तांबूस झळाळी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्रखर प्रकाश बोटांतून पार होताना त्यातील तांबडा अंशच प्रामुख्याने बाहेर येतो. जलरंगाच्या पातळ थरातही प्रकाश आत शिरतो, कागदावरून परततो आणि थराचा रंग घेऊन डोळ्यांपर्यंत पोहोचतो. त्वचा आणि रंग यांचे वर्तन येथे जवळजवळ सारखे होते. म्हणूनच हात जिवंत वाटतो.

समारोप

ज्योत हाताच्या आड असल्याने तिचे अस्तित्व चेहऱ्यावरील उजेडावरूनच जाणवते. स्त्री जशी ज्योत जपते, तसा चित्रकार कागद जपतो. चित्रातील आशेचा भाव या जपणुकीत आहे. तेव्हा वर्गात हे चित्र दाखविताना ‘चेहऱ्यावर कोणता भाव आहे?’ या प्रश्नाआधी ‘कागद कोठे राखला आहे?’ असे विचारणे अधिक उचित ठरेल.